गव्हाण रिकामी ठेवा

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली एक सकाळ मला अजून आठवते. दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर कमानी सभागृहाच्या फाटकाशी शाळेची बस थांबली होती. पुठ्ठ्याचे पंख सावरत देवदूत उतरत होते, डोक्याला पंचा गुंडाळलेले मेंढपाळ उतरत होते, आणि एक शिक्षिका कापडी बाहुली काखेत धरून सगळ्यांना रांगेत लावत होती. हा रस्ता नाटकाचाच. कमानी, एलटीजी आणि मंडी हाउसच्या चौकात श्रीराम सेंटर, राष्ट्रीय नाट्य विद्यालय, सगळं हाकेच्या अंतरावर. याच रस्त्यावर जुनं महाराष्ट्र सदन आहे. वसईहून कोणी ओळखीचं तिथे उतरलं की मी भेटायला जायचे, तशीच त्या दिवशी गेले होते. दुपारी परतताना पाहिलं, तर तीच मुलं सांताक्लॉजच्या हातची चॉकलेटं खात बसमध्ये चढत होती. बाळ येशू जन्मला होता, तीन राजे येऊन गेले होते, केक कापून झाला होता. तारीख होती 12 डिसेंबर.

प्राथमिक वर्गांना मी पुष्कळ वर्षं शिकवलं आणि आमच्याकडेही असंच व्हायचं. परीक्षा, स्नेहसंमेलन, सुट्टी या घाईत नाताळ पुढे ओढून घ्यायचा आणि तो येण्याआधीच संपवून टाकायचा. गणपतीचं असं कोणी करतं का? मखर आधी सजतं, पाट मांडला जातो, घर धुतलं-पुसलं जातं, पण मूर्ती चतुर्थीलाच बसते. आठ दिवस आधी बसवून चतुर्थीच्या आदल्या दिवशी विसर्जन केलं, तर घरातली लहान मुलंसुद्धा हसतील. वाट पाहण्याचे दिवस हा सणाचाच भाग असतो. आपल्या कॅथलिक शाळांमध्ये मुलांना नाताळ भरपूर मिळतो, नाताळची वाट पाहण्याचा आगमनकाळ मात्र मिळत नाही. तो त्यांना परत कसा द्यायचा, हे या लेखात सांगते. शिक्षकांना, मुख्याध्यापिकांना आणि पालकांनाही.

आधी दिवसांचा हिशेब. 30 नोव्हेंबर हा संत आंद्रेयाचा सण. त्याला सर्वांत जवळचा रविवार तो आगमनकाळाचा पहिला रविवार, म्हणजे 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यामध्ये कुठेतरी. तिथून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत चार रविवार पडतात. त्यामुळे हा काळ कधी 22 दिवसांचा असतो, कधी 28. वस्त्रांचा रंग जांभळा, आणि रविवारच्या मिस्सामध्ये गौरवगीत गात नाहीत, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात. 17 डिसेंबरपासूनची वाचनं येशूजन्माच्या अगदी जवळ येतात. दुसरीच्या मुलाला यातलं एवढंच पुरे: चर्चमध्ये एक गाणं थांबवून ठेवलं आहे, ते नाताळला पुन्हा सुरू होईल. मुलांना थांबवून ठेवलेली गोष्ट फार आवडते.

चार मेणबत्त्यांचं वर्तुळ आता बहुतेक शाळांत दिसतं. त्याची गोष्ट मुलांना जरूर सांगा, कारण ती मुलांचीच आहे. हॅम्बर्गमध्ये योहान विखर्न नावाचे लुथरन पाळक गरीब, निराधार मुलांचं वसतिगृह चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची. म्हणून 1839 मध्ये त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारच्या मोठ्या आणि इतर वारांच्या लहान. रोज एक पेटवायची. मुलांना वाट पाहणं मोजता आलं. पुढे ही चाल कॅथलिकांनीही उचलली आणि चार मेणबत्त्या उरल्या: तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची.

शाळा रविवारी बंद, म्हणून मेणबत्ती सोमवारच्या प्रार्थनेला पेटवा. ती पेटवण्याचा मान दर वेळी वेगळ्याला द्या: एकदा पहिलीतल्या सर्वांत लहान मुलाला शिक्षिकेचा हात धरून, एकदा बसचालकाला, एकदा आयाबाईंना. हिरव्या पानांसाठी बाजारात जायचं कारण नाही. दिल्लीच्या शाळांच्या आवारात मोरपंखीची झुडपं असतात, त्यांची छाटणी माळीकाकांकडून मागून घ्या. परात, तिच्यात ओली माती, मातीत डहाळ्या खोचलेल्या. चार आठवडे त्या ताज्या राहतात. थर्मोकोल नको. खरी ज्योत शाळेत एकाच ठिकाणी असू द्या, मोठ्या माणसाच्या हाताशी, शेजारी पाण्याची बादली. वर्गावर्गात कागदी ज्योती चालतील. चाळीस मुलांच्या बंद खोलीत मेणबत्त्या लावणं मला कधीच पटलं नाही. दिल्लीच्या डिसेंबरात तर मुळीच नाही, तिथे हवेतच धूर पुरेसा असतो.

कोपर्निकस मार्गाच्या आसपास राहणाऱ्या, किंवा नाटकाच्या निमित्तानं तिथे येणाऱ्या मुलांसाठी एक खास प्रयोग सुचवते. या रस्त्याला ज्याचं नाव आहे तो खगोलशास्त्रज्ञ पोलंडमधल्या फ्रॉमबॉर्कच्या कॅथेड्रलचा कॅनन, म्हणजे चर्चचा पदाधिकारी होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगणारं त्याचं पुस्तक 1543 मध्ये निघालं आणि ते त्यानं पोप तिसरे पॉल यांना अर्पण केलं होतं. तिसरी-चौथीच्या मुलांना मैदानात एक मीटरची काठी सरळ रोवायला सांगा. आगमनकाळाच्या पहिल्या सोमवारपासून रोज दुपारी सव्वाबाराच्या सुमारास तिची सावली मोजायची आणि भिंतीवरच्या कागदावर मांडायची. दिल्लीत सुरुवातीला ती साधारण 120 सेंटिमीटर भरेल आणि 21-22 डिसेंबरला 128 च्या आसपास जाऊन थांबेल. त्याच सुमारास दिवस सर्वांत लहान, जेमतेम 10 तास 19 मिनिटांचा. तिथून सावली मागे फिरते आणि दिवस वाढू लागतो. अंधार वाढत वाढत जातो आणि मग उजेड परततो, हे मुलांनी स्वतःच्या मोजपट्टीनं पाहिलेलं असेल, तर ‘अंधारात बसलेल्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला’ याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. धुक्यामुळे काही दिवस सावली पडणारच नाही. त्या दिवशीची चौकट रिकामी ठेवायची, अंदाजानं भरायची नाही. हेही शिक्षणच.

आता गोठा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आगमनकाळाची सगळी शाळा खरं तर इथेच भरते.

मराठी मुलांना गोठा शिकवावा लागत नाही, त्यांनी दिवाळीत किल्ला केलेला असतो. तीच माती, तेच दगड, तेच पोतं भिजवून केलेले डोंगर, आणि अळीव किंवा मोहरी पेरून आणलेली हिरवळ. दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलांना किल्ला पुष्कळदा फक्त आजोळी दिसतो. शाळेतल्या गोठ्यानं ती हौस भागते. एका वर्षी आमच्या वर्गातल्या एका मराठी मुलानं गोठ्यामागच्या टेकडीवर बुरूज बांधला आणि त्यावर मावळा उभा केला. काढायला सांगावं असं मला वाटलं नाही. बेथलेहेम हे दावीद राजाचं गाव, तिथे राखणदार असेलच.

गोठा तयार विकत आणू नका. संत फ्रान्सिस ऑफ असिसी यांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी जो देखावा मांडला, त्यात खरा बैल, खरं गाढव आणि गवतानं भरलेली गव्हाण होती. बेथलेहेमचं दारिद्र्य लोकांना डोळ्यांनी दिसावं, एवढाच त्यांचा हेतू होता. चमकी लावलेल्या प्लास्टिकच्या गोठ्यात ते दिसत नाही. मूर्ती मुलांनी मातीच्या करू देत, वाकड्यातिकड्या झाल्या तरी. मोठ्या मूर्ती हव्या असतील तर उत्तमनगरच्या कुंभारवाड्यात, कुम्हार ग्राममध्ये, जा आणि मुलांना चाक फिरताना दाखवा. आकाशकंदील दिवाळीनंतर माळ्यावर टाकलेले असतातच, एकदोन जणांकडून चांदणीच्या आकाराचे मागून घ्या. तोच तारा.

आणि पेंढा. वसईला आमच्या घरी गोठ्यासाठी भाताचा पेंढा शेतावरूनच यायचा. दिल्लीत कुठे मिळेल? फळवाल्याकडे. काश्मिरी सफरचंदांच्या लाकडी पेट्यांत भाताचा पेंढा भरलेला असतो, मागितला तर तो आनंदानं देतो. दिल्लीत याच पेंढ्याला ‘पराली’ म्हणतात. पंजाब-हरियाणाच्या शेतांत तो जाळतात आणि त्याचा धूर थंडीच्या तोंडावर दिल्लीच्या हवेत मिसळतो. चौथीच्या मुलांना हा शब्द बातम्यांमधून पाठ असतो, पण पेंढा हातात घेतलेला नसतो. तो त्यांच्या हातात द्या. शेतकरी का जाळतो, त्याला पुढच्या पेरणीची किती घाई असते, त्याच्याकडे दुसरा मार्ग कोणता, हे त्या दिवशीच्या परिसर अभ्यासाच्या तासाला बोला. ज्याला आपण कचरा म्हणून पेटवतो, त्यावरच बाळाला निजवलं गेलं. यापुढे धर्मशिक्षणाच्या पुस्तकातला धडा वेगळा वाचायची गरज उरत नाही.

हिरवळीसाठी गहू पेरा. गोव्यात नाचणी पेरतात, युरोपात कुठे कुठे संत लुसीच्या दिवशी, 13 डिसेंबरला, गहू पेरतात. दिल्लीच्या थंडीत 13 तारीख उशिराची होते. 7 ला रात्री गहू भिजत घाला, 8 ला, निष्कलंक मरियेच्या सणादिवशी, पेरा. नारळाच्या करवंट्या किंवा मातीच्या पणत्या घ्या, खिडकीच्या उन्हात ठेवा आणि पाणी शिंपडा, ओतू नका. सुट्टी लागेपर्यंत चार बोटं उंची येते. प्रत्येक मुलाची पणती वेगळी आणि तिच्यावर त्याचं नाव. ज्याचा गहू उगवला नाही, त्याला शेजाऱ्यानं आपल्यातला अर्धा द्यायचा, हे आधीच ठरवून टाका. दर वर्षी दोनतीन पणत्या रुसतातच.

गव्हाण मात्र रिकामी. आम्ही ती पहिल्यांदा तशी ठेवली त्या वर्षी दुसरीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत गोठ्याजवळ यायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “मिस, बाळ हरवलं का?” मी म्हटलं, “नाही गं, यायचंय अजून.” त्यानंतर ती दोन मैत्रिणींना घेऊन यायला लागली. मग पाचजणी. रिकाम्या गव्हाणीकडे बघायला मुलं रांग लावतील, हे मला कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात कोणी सांगितलं नव्हतं.

जुनी चाल अशी आहे की एक चांगलं काम केलं की एक काडी गव्हाणीत टाकायची, बाळाचं अंथरूण मऊ करायचं. ही चाल ठेवा, पण काडी कोणी टाकली हे कोणालाही कळता कामा नये. नावांचा तक्ता, चांदण्या, आठवड्याचा उत्तम विद्यार्थी, यातलं काहीही नको. तक्ता लावला की तिसऱ्या दिवसापासून मुलं पेन्सिलीचे तुकडे मुद्दाम हरवून एकमेकांना शोधून देऊ लागतात. काम काय असावं, हेही सुचवावं लागतं, नाहीतर सगळे फळा पुसायला धावतात. डबा न आणलेल्याशेजारी जाऊन बसणं. खेळात नेहमी शेवटी निवडल्या जाणाऱ्याला आधी निवडणं. सफाई करणाऱ्या ताईंचं नाव विचारून ते लक्षात ठेवणं.

बाळ कधी ठेवायचं, हा प्रश्न दर वर्षी शिक्षकांच्या बैठकीत येतो. 25 ला शाळा बंद. दिल्लीत थंडीची सुट्टी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असते आणि कडाका वाढला की प्राथमिक वर्गांची सुट्टीही लांबते. तोवर नाताळकाळ संपून जातो, कारण तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंतच असतो. म्हणून माझा निर्णय असा: नाताळच्या सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला. त्याआधी एक मिनिटसुद्धा नाही. सगळी शाळा शांत उभी राहू दे, सर्वांत लहान मुलानं बाळ आणून ठेवावं, आणि मग थांबवून ठेवलेलं ते गाणं एकदा मोठ्यानं गावं. घंटा झाली की घरी. भाषण नको.

नाटकाबद्दल. बायबल उघडून आधी शिक्षकांनी लूकचा दुसरा आणि मत्तयचा दुसरा अध्याय वाचावा. उतारशाळेत जागा नव्हती एवढंच लूक सांगतो, दार लावून घेणारा धर्मशाळेचा मालक त्यात नाही. ज्ञानी लोक किती होते, हे मत्तय सांगत नाही. भेटवस्तू तीन म्हणून माणसंही तीन धरली गेली. बैल आणि गाढव शुभवर्तमानात नाहीत, ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून आले आहेत. या गोष्टी मुलांना कळल्या की ती बावरत नाहीत, उलट मोकळी होतात. ज्ञानी लोक सात असू शकतात! मेंढपाळ तर हवे तितके. वर्गातल्या प्रत्येक मुलाला रंगमंचावर जागा मिळालीच पाहिजे, आणि ही एकच कथा अशी आहे की तिच्यात खरोखर सर्वांना जागा आहे.

मरियेची भूमिका गोरी मुलगी बघून देऊ नका. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण असं घडताना मी पाहिलं आहे आणि एका सावळ्या मुलीचा चेहरा मला आजही दिसतो. मरिया पॅलेस्टाइनमधल्या खेड्यातली ज्यू मुलगी होती. चिठ्ठ्या टाका. एखाद्या राजाचा चेहरा काळा रंगवायची परदेशी चालही आपल्याकडे नको.

संवाद थोडे ठेवा, निवेदन एकानं करावं. आपल्या भाषेत यासाठी तयार साचा आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातल्या साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांसाठी ही कथा मराठी ओवीत सांगितली आणि ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनं रचली. मग चौथीतली एक मुलगी उपरणं घेऊन कीर्तनकार, मागे चार टाळकरी, आणि कथा पुढे सरकेल तसे मेंढपाळ, देवदूत, ज्ञानी येऊन आपापल्या जागी बसतात. पडदा नको, ध्वनिमुद्रण नको. बारा मिनिटांत संपतं. दिल्लीच्या वर्गात मल्याळी, तमिळ, मिझो, गोव्याची कोंकणी, झारखंडची सादरी आणि कुडुख बोलणारी मुलं शेजारी बसलेली असतात. मेंढपाळांनी बाळाला आपापल्या घरच्या भाषेत एक वाक्य म्हणायचं, असं आम्ही केलं होतं. झारखंडची एक आई दिल्लीत घरकाम करायची. तिच्या मुलानं आपली भाषा शाळेत त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारली. मागच्या रांगेत ती उभी राहून ऐकत होती.

वेष घरचे. घोंगडी, पंचा, आईची जुनी ओढणी, बाबांची पांढरी बंडी. भाड्याचे पोशाख बंद करा, पालकांकडून नाटकासाठी पैसे मागू नका. तालीम दिवसाला वीस मिनिटं. मोठ्या सभागृहात जाणार असाल तर मुलांना आदल्या दिवशी तिथला रिकामा रंगमंच दाखवा, नाहीतर पहिलीतले देवदूत उजेड पडताच रडायला लागतात.

आता एक नाजूक विषय. आपल्या शाळांत बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नसतात, दिल्लीत तर नसतातच. संविधानाचं 30 वं कलम अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क देतं. 28 व्या कलमाचा तिसरा भाग सांगतो की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत संमती पालकांची. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागानं एप्रिल 2024 मध्ये शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांतही अन्य धर्मीय मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. हे आपण केवळ कायद्याच्या धाकानं पाळावं असं मला वाटत नाही. बाळ येशूकडे मेंढपाळ आपल्या पायांनी आले होते.

म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक घरी पत्र पाठवा. पालकांना वाचता येईल अशा भाषेत, एकाच पानाचं. असं काहीसं:

“सप्रेम नमस्कार. येत्या सोमवारपासून आमच्या शाळेत आगमनकाळ सुरू होतो. नाताळची वाट पाहण्याचे हे चार आठवडे. या काळात मुलं गहू पेरतील, सावली मोजतील, गोठा बांधतील आणि नाटक करतील. हे सर्वांसाठी आहे. कॅथलिक मुलांसाठी प्रार्थना आणि पवित्र मिस्सा वेगळ्या वेळी आहे, इतरांनी यायलाच हवं असं नाही. आपल्या पाल्यानं एखाद्या कार्यक्रमात भाग घेऊ नये असं वाटत असेल तर वर्गशिक्षिकेला निःसंकोच सांगा, त्या वेळी तो वाचनालयात असेल. कोणतीही खरेदी करायची नाही. आपल्या घरी असा वाट पाहण्याचा सण कोणता, हे त्याच्याकडून आम्हाला ऐकायला आवडेल.”

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यावरूनच मला रमझानच्या चंद्राची, लोहडीच्या लाकडांची आणि छठच्या उपवासाची वर्णनं ऐकायला मिळाली. आणि वाचनालयात बसणारं मूल एकटं पडता कामा नये. तिथे शिक्षिका हवी, चांगली पुस्तकं हवीत, शिक्षा वाटता कामा नये.

सांताक्लॉजबद्दल मुलं विचारणारच. 6 डिसेंबरला संत निकोलस यांचा सण येतो. चौथ्या शतकात आताच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे ते बिशप. रात्री गुपचूप मदत करून नाहीसे होणारे, अशी त्यांची कथा. ती 6 तारखेच्या आसपास सांगून टाका आणि लाल कोटाच्या माणसाला गोठ्यापासून दूर ठेवा. भेटवस्तूंच्या देवाणघेवाणीत पैसा येऊ देऊ नका. चिठ्ठीत ज्याचं नाव आलं त्याचा गुप्त मित्र व्हायचं: त्याच्यासाठी प्रार्थना, एक पत्र, एक चित्र. विकतचं काही निघालं तर परत. दुकानातली महागडी खेळणी आणणाऱ्या मुलाशेजारी रिकाम्या हातानं बसलेलं मूल ज्यानं पाहिलं आहे, त्याला हा नियम कठोर वाटणार नाही.

दानाचे कार्यक्रम करायचे असतील तर सुरुवात फाटकावरच्या चौकीदारापासून करा. दिल्लीची जानेवारीची रात्र तो कशी काढतो, हे मुलांना विचारू द्या. कॅरल त्याच्यासमोर गा. अनाथालयात मुलांना नेऊन ब्लँकेटं वाटतानाचे फोटो काढू नका. घेणाऱ्या मुलाचंही वय तेवढंच असतं आणि त्यालाही लाज वाटते.

खाऊसाठी एवढंच: केकमध्ये अंडं आहे की नाही, सुकामेवा आहे की नाही, हे लिहून लावा आणि बिनअंड्याचा वेगळा आणा. दिल्लीत शाकाहारी घरं पुष्कळ. कॅनॉट प्लेसच्या वेंगर्सचा केक मलाही आवडतो, पण शाळेत करंज्या करा. गोव्याच्या नेवऱ्या आणि आपल्या करंज्या एकाच घरच्या. तिसरीच्या मुलांना कातणं फिरवता येतं, तळायचं मोठ्यांनी.

दिल्लीकरांनी प्रत्येक बाहेरच्या कार्यक्रमाला घरातला पर्याय आधीच लिहून ठेवावा. नोव्हेंबर 2024 मध्ये प्रदूषणामुळे पाचवीपर्यंतचे वर्ग ऑनलाइन करावे लागले होते. अशी वेळ डिसेंबरातही येऊ शकते. महिन्याच्या सुरुवातीलाच प्रत्येक मुलाच्या दप्तरात एक पाकीट द्या: मूठभर गहू, कागदी गव्हाण, वीसेक काड्या, चार कागदी ज्योती. शाळा बंद झाली तरी आगमनकाळ थांबत नाही. कॅरल पहाटे नको. हवा बरी असलेल्या दिवशी अकरानंतर, उन्हात.

दर वर्षी वर्गात एकतरी मूल असं असतं की ज्याच्या घरी यंदा कोणीतरी गेलं आहे. सगळे आनंदात असताना त्याला आनंदी राहायला सांगू नका. त्याला रिकाम्या गव्हाणीजवळ बसू द्या, हवं तर तुम्हीही बसा. आगमनकाळात रडायला जागा आहे, नाताळच्या पार्टीत नसते. सगळे चार आठवडे शाळेत नुसती पार्टी चालली, तर हे मूल कुठे जाणार?

पालकांना एक विनंती. 25 डिसेंबरला दुपारी गोल डाकखान्याजवळच्या सेक्रेड हार्ट कॅथेड्रलपाशी सगळी दिल्ली लोटते, सर्व धर्मांचे लोक रांगा लावून गोठा बघायला येतात. जीझस अँड मेरी आणि सेंट कोलंबाज या दोन जुन्या शाळा त्याच्या शेजारीच आहेत. मुलांना घेऊन जरूर जा, पण आदल्या आठवड्यातल्या एखाद्या साध्या दिवशीही जा. गर्दी नसते, आवाज नसतो, आणि मुलाला विचारायला वेळ मिळतो.

2026 मध्ये आगमनकाळाचा पहिला रविवार 29 नोव्हेंबरला आहे, म्हणजे शाळेत पहिली मेणबत्ती सोमवारी 30 ला. पालकांचं पत्र त्याआधीच्या आठवड्यात जाऊ द्या. गहू भिजत घालायचे ते सोमवारी, 7 डिसेंबरच्या रात्री.